२०२३चे मराठी सिनेमे : कोण उगाच डोक्यावर, कोण उगाच कोपऱ्यात?

वसमत रोड (परभणी)
परवा चहाच्या टपरीवर २०२३च्या मराठी सिनेमांवरून जुंपली आणि अर्ध्यातच मोडली. इथं पुरी करू. अट एकच, सिनेमा पाहिलेला पाहिजे. ट्रेलर बघून कुणी ज्ञान पाजळू नये. शिवकालीन सिनेमांना मी हात लावणार नाही, डोकं फोडून घ्यायची हौस नाही.

सुरुवात मीच करतो. त्या वर्षी गरजेपेक्षा जास्त डोक्यावर बसवलेला सिनेमा 'बाईपण भारी देवा'. ३० जूनला, आषाढीच्या दुसऱ्या दिवशी लागला आणि अधिक श्रावण आला तरी हलला नाही. गर्दी झाली त्याला माझी ना नाही. पण सिनेमा म्हणून काय? सहा बहिणी, प्रत्येकीला एकेक दुखणं वाटून दिलेलं, आणि मंगळागौरीच्या स्पर्धेपर्यंत सगळ्यांना एकदम उतार! रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते समोरासमोर असताना दिग्दर्शकानं बाजूला होऊन नुसतं बघत राहायचं. तेवढा धीर केदार शिंदेंना नाही. बाई डोळे भरायच्या आत पार्श्वसंगीत भरून येतं.

आणि कोपऱ्यात पडलेला सिनेमा 'आत्मपॅम्फ्लेट'. दिग्दर्शक आशिष बेंडे, लेखक परेश मोकाशी. बर्लिनच्या महोत्सवात दाखवून झाल्यावर ६ ऑक्टोबरला आपल्याकडं आला, म्हणजे पुण्या-मुंबईकडं आला. शाळकरी पोराचं एकतर्फी प्रेम, एवढीच गोष्ट. पण देशात काही मोठं घडलं, मंडल म्हणा की बाबरी म्हणा, की त्याचा धक्का थेट या पोराच्या प्रेमप्रकरणाला बसतो. निवेदक ते इतक्या सरळ तोंडानं सांगतो की आपण हसतो, आणि कशावर हसलो ते जरा वेळानं कळतं. जातीवर इतकं हसत-खेळत आणि तरी इतकं बोचरं बोलणारा सिनेमा मी मराठीत पाहिला नाही. परभणीत आला नाही. मी संभाजीनगरला दुसऱ्या कामाला गेलो होतो म्हणून सापडला. सकाळचा खेळ, मोजकी टाळकी.

गोदाकाठची (नांदेड)
भाऊ, एवढं भारी बोललात, पण 'बाईपण' कुठं आणि कुणासोबत बघितला ते नाही सांगितलं. घरी मोबाईलवर बघितला असणार.

आमच्या गावाकडून एक क्रूझर भरून बायका आल्या होत्या. त्यात माझी मोठी जाऊ, जी लग्न झाल्यापासून टॉकीजमध्ये गेली नव्हती. आमच्याकडं मंगळागौरीचं एवढं प्रस्थ नसतं, महालक्ष्म्यांचं असतं, आणि फेर धरायचा तो पंचमीला. पण पडद्यावर खेळ सुरू झाले तशा पुढच्या रांगेतल्या दोघी उठल्या आणि दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत फुगडी घातली. डोअरकीपर बॅटरी घेऊन आला, बघितलं आणि परत गेला. जाऊबाई नंतर रस्ताभर बोलत होती, बहिणींबद्दल, माहेरच्या वाटणीत सही केली त्याबद्दल. हे सगळं त्या सिनेमातनं निघालं. मोठ्या दोघींचा अबोला बघून तिला स्वतःची बहीण आठवली.

पार्श्वसंगीत मोठं आहे, मान्य. पण पन्नाशीतल्या बाईला मध्ये ठेवून सिनेमा काढला की तो 'बायकांचा' म्हणून बाजूला टाकायचा, आणि तीन तास मारामारी केली की तो 'मास'. हा हिशोब कुणी ठरवला?

गंजगोलाई (लातूर)
ताई बरोबर बोलल्या. आणि यादीत 'वेड' कामून नाही? रितेश देशमुखचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, अजय-अतुलचं संगीत, जानेवारीभर लातुरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाभळगावचा माणूस. आता कुणीतरी त्याला पण नावं ठेवणार, वाट बघायलोय.

क्रांती चौक (संभाजीनगर)
तुमची वाट संपली. 'वेड' ३० डिसेंबर २०२२ला लागला, म्हणजे या यादीतच बसत नाही. आणि बसवला तरी तो २०१९च्या तेलुगू 'मजिली'चा रिमेक आहे. नायकाचं क्रिकेट, सुटलेलं प्रेम, मुकाट्यानं सोसणारी बायको, सगळं तिकडचं. जिनिलिया चांगली आहे, गाणी चांगली आहेत. बाकी बाभळगाव.

तारखांचाच विषय निघाला तर 'वाळवी' १३ जानेवारी २०२३ला लागला, पण राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २०२२च्या सिनेमांमध्ये, कारण तिथं सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचं वर्ष धरतात. मी प्रदर्शनाची तारीख धरतो.

आता मूळ मुद्दा. 'आत्मपॅम्फ्लेट' उपेक्षित म्हणणं मला पटत नाही. बर्लिनला गेला, समीक्षकांनी उचलून धरला, २०२५ला जाहीर झालेल्या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा मान मिळाला. अजून काय मिरवणूक काढायची? शिवाय शेवटाकडं तो दिग्दर्शकाच्या हातातून सुटतो, ते कुणी बोलत नाही. कारण विषय जातीचा, आणि चिमटा काढला तर आपणच मागासलेले ठरू ही भीती.

खरा अन्याय 'घर बंदूक बिर्याणी'वर झाला. पोस्टरवर नागराज मंजुळे आणि आकाश ठोसर बघून लोक 'सैराट' बघायला गेले. दिग्दर्शक हेमंत जंगल अवताडे, हे किती जणांना माहीत होतं? जंगलात बंदुका घेऊन बसलेली टोळी, तिचा म्होरक्या सयाजी शिंदे, आणि त्यांना बिर्याणी खिलवणारा पोरगा. अशी तऱ्हेवाईक कल्पना मराठीत कुणी पैसे लावून करत नाही. लांबला, हे खरं. पण पहिल्या सोमवारी त्याला मोडीत काढायची घाई नको होती.

बालाघाट (बीड)
तुम्ही सगळे शहरातले. माझं ऐका.

'रौंदळ' कुणीच घेतला नाही. ३ मार्चला लागला, भाऊसाहेब शिंदे नायक. उसाचा शेतकरी आणि कारखान्याचा चेअरमन. आमच्याकडं पोरं दोन-दोनदा बघून आली. समीक्षकांच्या दृष्टीनं ती नुसती हाणामारी, म्हणून सोडून दिली. अरे, उसाला तोड येईना म्हणून माणूस किती जणांच्या पाया पडतो हे माहीत असेल तरच ती हाणामारी कळंल.

तरी मला त्याच्यात पण खटकलंच. नायक ऊस लावणारा. तोडणाऱ्याचा सिनेमा कधी काढणार? दिवाळी झाली की इथली गावं रिकामी होत्यात, उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये पोरंबाळं, भांडी, शेरडं घालून निघत्यात. आणि मराठी सिनेमात 'ग्रामीण' म्हणलं की पार सातारा-कोल्हापूर नाहीतर नगर-पुणे. बोली पण तिकडचीच. आमचं 'करायलेत, जायलेत' पडद्यावर आलं की समजायचं आता हसवायचंय. मकरंद अनासपुरेंनी आपली बोली घराघरात नेली त्याचा अभिमानच आहे, पण त्याच बोलीत कुणी रडलेलं दाखवा की एकदा.

वसमत रोड (परभणी)
@क्रांती चौक, बर्लिनला टाळ्या पडल्या म्हणून वसमतला पोचला असं होत नाही. पुरस्कार सिनेमा येऊन गेल्यावर दोन वर्षांनी जाहीर झाला, तेव्हा कोणत्या टॉकीजला उपयोग? आणि जातीला घाबरून लोक टीका करत नाहीत म्हणता, तर टीका करायला आधी सिनेमा दिसू दे. तुमचा 'बिर्याणी' निदान लागला तरी.

@गोदाकाठची ताई, टॉकीजमध्येच बघितला, आईला घेऊन. आई खूश होती. माझं मत बदललं नाही. आई खूश होणं आणि सिनेमा बांधीव असणं या दोन गोष्टी आहेत. बाकी 'बायकांचा' म्हणून मी बाजूला टाकला नाही, ढिला म्हणून टाकला.

गोदाकाठची (नांदेड)
आईला विचारा तिला कुठं ढिला वाटला. मग बोलू.

पडद्यामागचा
एका तालुक्याच्या गावात टॉकीज चालवतो. गाव विचारू नका. एकच पडदा, दिवसाला चार खेळ. तुम्ही इथं कलेवर भांडताय, मी गल्ल्यावरचं सांगतो.

त्याच वर्षीची दिवाळी घ्या. शुक्रवारी १० नोव्हेंबरला 'नाळ २' आणि 'श्यामची आई' एकाच दिवशी लागले. दोन्ही लेकराबाळांना घेऊन बघायचे सिनेमे, दोन्हींचा प्रेक्षक एकच. आणि १२ तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाला, सलमान खानचा 'टायगर ३'. मोठा हिंदी सिनेमा घ्यायचा तर आमच्यासारख्या एकपडद्याला चारही खेळ द्यावे लागतात. नाही दिले तर सिनेमा शेजारच्या गावाला जातो. म्हणजे 'नाळ २'ला माझ्याकडं मिळाले दोन दिवस, आणि ते दोन दिवस बायका फराळात आणि माणसं बाजारात.

'श्यामची आई' मी शाळांसाठी लावायचा विचार केला होता. मुख्याध्यापकांना धरून सकाळचा खेळ, निम्म्या तिकिटात. पण दिवाळीची सुट्टी लागलेली. शाळाच बंद, पोरं मामाच्या गावाला. कृष्णधवल सिनेमा, सुजय डहाकेंचं काम चोख, पण तारीख काढणाऱ्यानं पंचांग बघितलं होतं की नाही कोण जाणे. पुढं ७१व्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी आणि 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट. पेपरात बातमी वाचून लोक मला विचारायला आले, "मालक, हे सिनेमे कधी लागणार?"

'टीडीएम'चं तर सगळ्यांना ठाऊक आहे. भाऊराव कऱ्हाडेंचा सिनेमा, २८ एप्रिलला लागला, त्याच दिवशी 'महाराष्ट्र शाहीर', त्याच दिवशी 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भाग. खेळ मिळेनात म्हणून टीमनंच सिनेमा थांबवला आणि ९ जूनला परत आणला. तोवर मृगाची पेरणी तोंडावर. बियाण्याचे पैसे खिशात ठेवून सिनेमाला कोण येतो?

आणि बाईपणला नावं ठेवणाऱ्यांना एक सांगतो. त्या ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली होती, सोयाबीन माना टाकून होतं, गावात पैसा फिरत नव्हता. त्याच्या आधीच्या महिन्यात जो गल्ला बायकांनी भरला, त्यावर माझ्या पोरांचे पगार निघाले.

क्रांती चौक (संभाजीनगर)
मालक, मुद्दा कळला, पण पगार निघाले म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही. आणि मराठीला दुपारी १२ ते रात्री ९ मध्ये खेळ द्यायचं २०१५ला ठरलं होतं ना?

पडद्यामागचा
ते मल्टिप्लेक्सला. तुमच्या मॉलला. मी सिनेमा चांगला म्हणालो नाही, मी म्हणालो बायका आल्या.

गंजगोलाई (लातूर)
माझा 'वेड' सगळ्यांनी मिळून गायब केलात. असो. 'झिम्मा २' बद्दल कुणी कामून बोलेना? इंग्लंडात फिरायला गेलेल्या बायका. तेच तेच. त्याला तर 'बाईपण'एवढी पण गोष्ट नाही.

गोदाकाठची (नांदेड)
तो मला पण नाही आवडला. पहिल्याची हवा होती म्हणून चालला. बघा, मी सगळ्याच बायकांच्या सिनेमाची वकिली करत नाही.

वसमत रोड (परभणी)
मालक, 'आत्मपॅम्फ्लेट'चा एक खेळ लावाल का? माणसं मी गोळा करतो. परभणीहून गाड्या करून येऊ.

पडद्यामागचा
वितरकाला विचारावं लागंल, एका खेळाला काय घेतो ते. सकाळी साडेनऊचा खेळ देतो. दीडशे तिकिटांचे पैसे आगाऊ. "येतो म्हणले होते" हे मला नको, त्यावर लाईटबिल भागत नाही.

गोदाकाठची (नांदेड)
मी येते. जाऊबाईला पण आणते. पण नंतर जे वाटंल ते बोलणार, तेव्हा "तुम्हाला कळला नाही" म्हणायचं नाही.

बालाघाट (बीड)
मंगळवार सोडून ठेवा. त्या दिवशी आमचा बाजार.