कर्ली नदीत कायाक आणि गरी: भरतीचं गणित कसं बसवायचं?

वल्हं_हातात: डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागहून नेरूरपारच्या दिशेने कर्लीतून वर जायचं आहे. हवा भरायची दोन माणसांची कायाक (वल्ह्याची छोटी होडी) आहे, सोबत गरीही टाकायची आहे. तिथी आणि वेळ कशी ठरवायची?

खाडीकाठ: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की मुंबईची भरती पूर्ण व्हायची वेळ मिळते. द्वादशीला 12 ची पाऊणपट म्हणजे 9 वाजता. मालवणात ती जरा आधी होते, नदीत जितकं आत जाल तितकी उशिरा. पक्की वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा.

द्वादशी-त्रयोदशी धरा. साडेसहाला निघालात तर भरतीच तुम्हाला वर नेईल, नऊच्या सुमारास वळा आणि सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) खाली या. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, ओढ जास्त, आणि परतायला दुपार होते. तोवर मतलई (जमिनीवरून येणारा वारा) पडून समुद्राकडून खारा वारा सुटलेला असतो. सुकतीचं पाणी खाली, वारा समोरून, की लाटा उभ्या राहतात आणि हलकी कायाक जागची हलत नाही. नदी समुद्राला मिळते त्या संगमाच्या तोंडाकडे तर सुकतीत जाऊच नका, थेट समुद्रात ओढले जाल.

तांबोसा_टपून: गरीचं सांगतो. तांबोसा हा मासा खडक, पुलाचे खांब आणि खारफुटीच्या मुळांत असतो. सुकती लागली की खारफुटीतलं बारकं मासळं बाहेर पडतं, तेव्हा छोट्या वहाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी गरी टाका. 3/0 ची मोठी गरी, पुढे 40 पौंड ताण सोसणारा जाड नायलॉन दोरा मीटरभर. बारीक दोरा कालवांवर (खडकाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांवर) घासला की तुटलाच. जिवंत कोळंबी लावताना डोक्यातला काळा ठिपका टाळा, तिथे टोचली की ती लगेच मरते. काळुंदर माशाचं तोंड लहान, त्याला 8-10 नंबरची बारकी गरी आणि गांडूळ.

वल्हं_हातात: गरी टाकताना नांगर बाजूच्या कडीला बांधला तर चालेल?

खाडीकाठ: अजिबात नाही. ओढीत कायाक आडवी होते, पाणी काठावर चढतं आणि उलटते. दीड किलोचा घडीचा नांगर, 15 मीटर दोरी, बांधायचा पुढच्या टोकाला आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने. कालवांच्या खडकाला हवेची कायाक टेकवू नका, अनवाणी उतरू नका. आडवं जाळं दिसलं तर बोयऱ्यांवरून (जाळ्याच्या तरंगत्या गोळ्यांवरून) जायचं नाही, टोकाला वळसा घालायचा. लाइफ जॅकेट अंगात हवं, पायाशी नको.

तांबोसा_टपून: आणि गरी गोळा करूनच वल्हं उचला. हवेच्या कायाकीत सुटी गरी म्हणजे पंक्चरच.