मदत हवी आहे: वस्तीतल्या मंडळासोबत नोकरी शोधणाऱ्यांसाठी काम, लागलेली माणसं महिनाभरात सोडतात

नमस्कार मंडळी,

मी चाकण एमआयडीसीत एचआरमध्ये आहे. वेगवेगळ्या कंपन्यांतले आम्ही काही एचआरवाले भोसरीजवळच्या एका वस्तीत गणेश मंडळ आणि महिला बचत गटासोबत रविवारी समाजमंदिरात बसतो. बायोडेटा नीट करून देणं, मुलाखतीची तयारी, कागदपत्रं तपासणं, एवढंच. नोकरी लावून देत नाही आणि कुणी पैसे मागितले तर देऊ नका, हे दारातच सांगतो. तरी "साहेब, तुमच्याच कंपनीत चिकटवा की" ऐकावं लागतंच.

बायोडेटाची गंमत सांगतो. झेरॉक्सवाल्याने सगळ्यांना एकच नमुना छापून दिलाय. वेल्डर मुलाच्या आणि शिवणकाम करणाऱ्या ताईंच्या कागदावर तीच इंग्रजी वाक्यं, दोघांनाही न कळणारी. खाली ईमेल आयडी नेट कॅफेवाल्याने काढलेला, पासवर्डही त्याच्याकडेच. मुलाखतीचं बोलावणं तिथे येऊन पडलं तर कळणार कुणाला? हे तासाभरात निस्तरतं. पीएफचं लफडं निस्तरत नाही. आधीच्या ठेकेदाराने खातं उघडताना नावात नाहीतर जन्मतारखेत घोळ घातलेला, आधारशी जुळत नाही, नव्या कंपनीत रुजू होताना तिथेच अडतं. दुरुस्तीला जुन्या मालकाची मंजुरी लागत असेल तर विचारूच नका, ठेकेदार फोन उचलत नाही.

आयटीआयवाल्या मुलांना मी अप्रेंटिसशिप सुचवतो. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कंपनीला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, त्यामुळे जागा निघतात. पण विद्यावेतनाचा आकडा ऐकून घरचे म्हणतात, हेल्परला यापेक्षा जास्त मिळतात. बरोबरच आहे, शिवाय मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नाही. परीक्षा पास झाल्यावर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढे कामाला येतं, हे मी सांगतो खरं, पण घरात दुसरं कुणी कमावतं नसेल तर जीभ रेटत नाही.

आता मूळ प्रश्न. माणसं लागतात आणि महिन्याच्या आत सोडतात. आमच्या रजिस्टरमध्ये 'काम सोडले' एवढंच लिहितात, खरं कारण मंडळाच्या पोरांना कट्ट्यावर कळतं. एक तारखेला रुजू झालेल्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेला, वीस-बावीसनंतर लागलेल्याचा कधी कधी त्याच्याही पुढच्या महिन्यात. तोवर जाण्यायेण्याचे पैसे आणायचे कुठून? बायकांचं वेगळंच. दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीची बस हमरस्त्यावर सोडते, तिथून वस्तीपर्यंत अंधार. एका ताईंना बचत गटाने पहिल्या पगारापर्यंत उचल दिली, मंडळाची दोन पोरं रात्री नाक्यावर थांबायला लागली, त्या टिकल्या. आमच्या दहा मुलाखत-सरावांनी जे झालं नसतं ते एवढ्याने झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण हे ओळखीपोटी झालं. सगळ्यांसाठी कसं करायचं?

बचत गटाच्या पैशातून अशी उचल देताना ठराव कसा लिहायचा, गटाच्या सभासद नसलेल्यांना देता येते का, बुडाली तर कुणाच्या माथी? पहिल्या महिन्यात दर आठवड्याला विचारपूस करायची तर ती मंडळाने करावी की आम्ही? कंपनीचा माणूस फोन करतो म्हटलं की पलीकडून "सगळं ठीक आहे साहेब" एवढंच येतं.

दुसरं, मंडळाच्या वहीत सगळ्यांचे फोन नंबर आणि आधारच्या झेरॉक्स साठल्यात. निवडणुकीचे इच्छुक फ्लेक्सवर आपला फोटो टाकून 'भव्य रोजगार मेळावा' घ्यायला टपलेत आणि त्यांना ती यादी हवी आहे. मंडळाला न दुखवता यादी कशी राखायची? मला झेरॉक्स परत देऊन टाकाव्यात असं वाटतं, अध्यक्षांना पटत नाही.

आणि नोकरीत असलेल्या एचआरवाल्यांनी सांगा, असं काम करण्याआधी तुम्ही कंपनीची लेखी परवानगी घेतली होती का? आमच्यातल्या एकाला साहेबांनी विचारलंय की आपल्याकडची माहिती दुसऱ्या कंपनीला जाते का.

ठाणे, नाशिक, संभाजीनगरकडचे अनुभवही चालतील. ठरावाचा किंवा मंडळासोबतच्या कराराचा नमुना असेल तर व्यनि करा, पुढच्या रविवारी बैठकीत ठेवतो.