मदत हवी आहे: म्हातारा सुपरहिरो पोराला मानेल कसा?

मंडळी, गणपतीत सादर करायला वीस मिनिटांचं नाटुकलं लिहितोय. खानापूरकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा, नुकता उडायला लागलेला. आणि बेळगावात निवृत्त होऊन बसलेला जुना सुपरहिरो, सगळे त्याला 'अण्णा' म्हणतात. अण्णा पहिल्याच भेटीत म्हणतो, "उडतोस ते बघितलं. उतरायला येतं काय?"

इथवर जमलं. पुढे अडलोय.

आधी दोघांची मारामारी लिहिली होती, फाडून टाकली. (१९६३ सालच्या कॉमिकमध्ये स्पायडरमॅनही फॅन्टास्टिक फोर या सुपरहिरोंच्या चौकडीपुढे अशीच ताकद दाखवायला गेला, आणि तिथे पगार नाही कळल्यावर चिडून निघाला. तो प्रसंग मला फार आवडतो, पण आपल्याकडे चालायचा नाही.) आता प्रसंग २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा घेतलाय. मलप्रभा फुगलीय, घरात एक कन्नड बोलणारी आजी अडकलीय. पोरगा तिला उचलायला जातो, पण म्हशीचं दावं सोडल्याशिवाय ती हलायला तयार नाही. त्याला कन्नड येत नाही, अण्णाला येतं, पण तो मुद्दाम गप्प उभा राहतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आजीच्या तोंडी शोभतील अशी आपल्या भागातल्या कन्नडची दोन-तीन वाक्यं कुणी देईल का? पुस्तकी नकोत. आणि शेवटी अण्णाने शाबासकी द्यावी, की नुसतं "म्हैस नीट बांध" म्हणून चालू पडावं? मला दुसरं बरं वाटतं, पण आमचे कलाकार टाळ्यांसाठी अडून बसलेत.