इंग्रजीवाचूनही होतं
"तेच ते इंग्रजीत लिहिणारे लेखक मिरवतात, संस्कृती कसल्या जोडल्या जातात?" साहित्य महोत्सव संस्कृती जोडतात या दाव्यावरचा हा आक्षेप बऱ्याच महोत्सवांना लागू पडतो, नाही म्हणत नाही. पण सरसकट नको. कोलंबियातलं मेडेयीन बघा. ड्रग्ज टोळ्यांच्या हिंसाचारात शहर होरपळत असताना १९९१ साली तिथे आंतरराष्ट्रीय कविता महोत्सव सुरू झाला. देशोदेशीचे कवी आपापल्या भाषेत वाचतात, मागोमाग स्पॅनिश अनुवाद वाचला जातो. म्हणजे न कळणारी भाषा आधी नुसती कानावर घ्यायची, अर्थ नंतर! टेकडीवरच्या खुल्या नाट्यगृहात लोक भर पावसातही बसून राहतात म्हणे. २००६मध्ये महोत्सवाला 'पर्यायी नोबेल' म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही मिळाला.

अर्थात हे कवितेला जमतं. कादंबरीकारांच्या तासाभराच्या चर्चेला असं कोण बसेल, शंकाच आहे.