घर विकताना जुन्या खिडक्यांचं सर्टिफिकेट मागतायत, काय करू? (इंग्लंड)

पावसाळी_ढग:
नमस्कार मंडळी, घर विकायला काढलंय, बायर पण मिळालाय, सगळं सुरळीत चाललेलं आणि आता त्यांच्या सॉलिसिटरने विचारलंय की डबल ग्लेझिंगचं फेन्सा सर्टिफिकेट (खिडक्या बांधकामाच्या नियमांप्रमाणे बसवल्याचा फेन्सा या संस्थेचा दाखला) कुठाय. खिडक्या आम्ही बसवलेल्याच नाहीत हो, आधीच्या मालकाने कधीतरी बसवल्यात, आम्ही घर घेतलं तेव्हा कुणी विचारलं पण नव्हतं. बिल नाही, कंपनी कोण तेही माहीत नाही. टीए६ फॉर्मवर (विकणाऱ्याने घराची माहिती द्यायचा फॉर्म) 'माहीत नाही' लिहून मोकळे झालो होतो. काउन्सिलला फोन करून विचारू का? की खिडक्याच बदलाव्या लागणार?

नुसता_वाचक:
काउन्सिलला फोन करू नका!! निदान आत्ता तरी. एकदा त्यांना कळवलंत की इंडेम्निटी इन्शुरन्स (सर्टिफिकेट नसल्यामुळे काउन्सिलने कारवाई केली तर भरपाई देणारा विमा) मिळणं अवघड होऊन बसतं, आणि तुमची सुटका बहुतेक त्यातच आहे. सॉलिसिटरला विचारा, एकदाच प्रीमियम भरायचा, सहसा विकणाराच भरतो.

किल्लीवाला:
इन्शुरन्स नंतर, आधी खिडक्या कधीच्या ते बघा. नियम १ एप्रिल २००२ पासूनचा आहे, त्याआधी बसवलेल्या असतील तर हे सर्टिफिकेट लागतच नाही, विषय संपला. आता तारीख कशी कळणार, तर दोन काचांच्या मधे कडेने जी ॲल्युमिनियमची पट्टी असते ना तिच्यावर बऱ्याचदा बारीक अक्षरात महिना-वर्ष छापलेलं असतं, दिवसा नीट दिसत नाही, टॉर्च तिरका मारून बघा. अर्थात काच नंतर फुटून बदललेली असेल तर फसाल, म्हणून सगळ्या खिडक्या तपासा. (नुसती काच बदलली आणि फ्रेम तीच असेल तर त्याला सर्टिफिकेट लागत नाही.)
२००२ नंतरच्या निघाल्या तर फेन्साच्या साइटवर तुमचा पत्ता टाकून शोधा, सर्टिफिकेट घराच्या नावावर असतं, मालक बदलला म्हणून कुठे जात नाही, पैसे भरून कॉपी मिळते. तिथे नसेल तर सर्टासकडे (तशीच दुसरी संस्था) बघा, सगळे फिटर फेन्सावालेच असतात असं नाही. आणि खिडक्या एक्स्टेन्शनच्या असतील तर फेन्सा विसरा, त्याचं बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम तपासणाऱ्यांचं) कम्प्लीशन सर्टिफिकेट असतं.

उंबरठा:
मी बायरच्या बाजूने बोलतो. इंडेम्निटी म्हणजे काउन्सिलने कारवाई केली तर होणाऱ्या नुकसानीपुरतं कव्हर, खिडकी नीट बसवलीय की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. जमिनीपासून ८०० मिमीच्या आत काच असेल तर ती सेफ्टी ग्लास हवी, कोपऱ्यात शिक्का असतो, तो बघा. मी बायर असतो तर कागदापेक्षा तो शिक्का आधी बघितला असता. रीतसर करायचं तर काउन्सिलकडून रेग्युलरायझेशन (झालेल्या कामाला मागाहून मंजुरी) घेता येतं पण त्यात फी, इन्स्पेक्शन, शिवाय ते दुरुस्त्या सांगू शकतात, आणि विक्री चालू असताना एवढा वेळ कुणाकडे असतो. घर लिस्टेड (ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षित) असेल तर मात्र भानगड वेगळी, तिथे परवानगी नसेल तर कितीही वर्षं झाली तरी काउन्सिल मागे लागू शकते.

पावसाळी_ढग:
लिस्टेड नाही नशिबाने. आत्ताच टॉर्च घेऊन फिरलो, पुढच्या सगळ्यांवर १९९८ आहे, मागच्या दोन बेडरूमच्या २००९. फेन्सा, सर्टास दोन्हीकडे पत्ता टाकला, काहीच नाही. मग इन्शुरन्स फक्त मागच्या दोनसाठी मागू की अख्ख्या घराचा?

किल्लीवाला:
पट्टीचे फोटो काढून सॉलिसिटरला पाठवा आणि मागच्या दोनसाठीच मागा. समोरच्यांनी ताणलंच तर मग बघू.