सल्ला हवा: आई-बाबांना घेऊन मोआसाक (फ्रान्स) – धावती भेट की मुक्काम?

रानजाई
नमस्कार मंडळी. भाऊ नोकरीनिमित्त तुलूझला असतो. सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे चालले आहे. सगळे कार्कासॉनचा किल्ला सुचवतात, पण बाबांना जुन्या शिल्पांचं वेड आहे. वेरूळ, हंपी, खजुराहो त्यांनी वही हातात घेऊन पाहिलंय. तार्न नदीकाठच्या मोआसाकच्या मठाबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं, तेव्हापासून घरात तोच विषय. आईचे गुडघे दुखतात आणि ती शाकाहारी आहे, अंडं चालतं. सकाळी जाऊन दुपारी परत यावं की राहावं? आणि तिथे आधी काय पाहायचं?

शिळाशोधक
राहाच. तुमचे बाबा वही घेऊन फिरणारे आहेत ना, मग दोन तासांत मोआसाक उरकणं त्यांच्यावर अन्याय होईल.

पहिल्या दिवशी फक्त चर्चचं दक्षिणेकडचं दार बघा. दारावरच्या अर्धवर्तुळाकार शिल्पपटात मधोमध सिंहासनावर ख्रिस्त आहे, बाजूला चार प्रतीकरूप प्राणी आणि दोन देवदूत. भोवती आणि खाली, हातात वाद्यं आणि पेले घेतलेले चोवीस मुकुटधारी वृद्ध. बायबलच्या शेवटच्या ग्रंथातलं दृश्य आहे ते. बाबांना सांगा, एकेका वृद्धाची मान बघा. प्रत्येक जण आपल्या जागेवरून वेगळ्या कोनात वळून मध्याकडे पाहतोय. बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतलं हे काम, घडवणाऱ्याचं नाव ठाऊक नाही.

आता खाली या. दाराच्या मधल्या खांबाच्या दर्शनी बाजूवर एकमेकांना छेदणारे सिंह आहेत. बहुतेक लोक तेवढाच फोटो काढून आत जातात. त्याच खांबाच्या कडेला यिर्मया प्रेषित कोरलाय, लांबसडक, पाय गुंफलेले, दाढीचे पेड खाली ओघळलेले, मान झुकलेली. युरोपातल्या दगडी कामात मला याहून देखणं काही आढळलेलं नाही. तो नीट दिसायला खांबाच्या बाजूला उभं राहावं लागतं. शिवाय ओट्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती: डावीकडे लाजर आणि श्रीमंत माणसाची गोष्ट, खाली कृपण आणि कामुकतेला मिळालेली भयंकर शिक्षा, उजवीकडे मरियेला दिलेली वार्ता, ज्ञानी पुरुष, इजिप्तकडे पलायन. मग थोडं मागे सरकून वर बघा. खाली जुना दगड आणि त्यावर नंतरच्या काळातलं विटांचं बांधकाम, सांधा सरळ दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लॉइस्टर, म्हणजे मठाच्या आतल्या चौकाभोवतीची खांबांची ओवरी. चर्च विनामूल्य आहे, क्लॉइस्टरला तिकीट लागतं. 76 स्तंभशीर्षं आहेत, कुठे एकेरी खांब, कुठे जोडखांब. बायबलमधल्या कथा, संतांचं हौतात्म्य, मध्येच नुसती पानंफुलं. पश्चिमेकडच्या खांबावर 1100 साल कोरलेलं आहे. इतकी जुनी कथाशिल्पं तारखेसकट आणि जागच्या जागी मिळणं फार दुर्मीळ. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत बरीच मुंडकी छाटली गेली, त्याची मनाची तयारी ठेवा.

द्राक्षबाग
सप्टेंबरअखेर म्हणजे शास्ला द्राक्षांचा हंगाम! मी नाशिककडची, त्यामुळे मला त्या बाजारातून हलवत नाही. लहान, गोल, सोनेरी मणी, साल पातळ, वास मधासारखा. खाण्याच्या द्राक्षांपैकी फ्रान्समध्ये 1971 साली पहिल्यांदा मूळस्थानाचा दर्जा मिळाला तो यांना. प्रत्येक घड हातात धरून बारीक कात्रीने खराब मणी काढतात. आईंना बिया चालतात का ते विचारून ठेवा, कारण हे बियांचं द्राक्ष आहे. रविवारी सकाळी रेकोले चौकात बाजार भरतो, मुक्काम शनिवारी रात्री पडेल असं बघा.

जेवणाचं म्हणाल तर दुपारी बारा ते दोन हीच वेळ, उशीर केलात तर पंचाईत. ऑम्लेट किंवा गरम बकरी-चीज घातलेलं सॅलड बहुतेक ठिकाणी मिळतं. रविवारी रात्री छोट्या गावांत बरंच काही बंद असतं, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत तुलूझला परत.

केतकी_तुलूझ
रानजाई, आईंच्या गुडघ्यांची काळजी करू नका. तुलूझहून प्रादेशिक रेल्वेने साधारण तासाभरात पोचता, काही गाड्या माँतोबाँला बदलाव्या लागतात. स्टेशनपासून मठ चालत दहा-पंधरा मिनिटं. गंमत म्हणजे हीच रेल्वे मठाला जवळजवळ घेऊन बसली होती. एकोणिसाव्या शतकात रूळ टाकताना मठाचं भोजनगृह पाडलं, क्लॉइस्टर थोडक्यात वाचलं. आजही गाड्या त्याच्या मागूनच धडधडत जातात.

आईंसाठी खरी जागा म्हणजे कालवा. तो गावातून वाहतो, कडेने सपाट वाट, झाडांची सावली. गावाबाहेर काकोरचा जलसेतू आहे, 356 मीटर लांब. त्यावरून कालवाच तार्न नदी ओलांडतो, खाली नदी आणि वर होडी. तिथवर आईंना चालवू नका, टॅक्सी करा.

शिळाशोधक
नदीचा विषय निघालाच आहे तर: मार्च 1930 च्या पुरात तार्नने या गावात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर उभी राहिलेली त्या काळच्या धाटणीची घरं गावात दिसतील. आणि नदीकाठच्या धक्क्यावर एक घर आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धात ज्यू मुलांना आसरा दिला होता. शेकडो मुलं तिथे राहून गेली, पुढे धोका वाढला तेव्हा त्यांना खोटी कागदपत्रं देऊन ठिकठिकाणी लपवलं. बाबांना आवर्जून दाखवा.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार! शनिवारी दुपारची गाडी, संध्याकाळी दार, रविवारी आधी बाजार, मग क्लॉइस्टर. चालेल ना?

द्राक्षबाग
क्लॉइस्टर आधी, उघडल्या उघडल्या. गटाने येणारे पर्यटक पोचायच्या आत बाबांना ओवऱ्या शांतपणे बघू देत. तोवर तुम्ही आणि आई बाजारात जा. बाजार दुपारपर्यंतच असतो, त्यामुळे बाबांना बारा वाजता बाहेर यायला बजावून ठेवा.