मदत हवी आहे: कारागिरांना नवीन डिझाईन सुचावं म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी, माझं दादरला डेकोरच्या वस्तूंचं छोटंसं काम आहे, पणत्या-कुंड्या धारावीच्या कुंभारवाड्यातून घेते. आमचे कुंभारकाका मूळचे सौराष्ट्राकडचे, चाकावर हात असा फिरतो की बघत राहावं, पण नवीन काहीतरी करा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "ताई, फोटो दाखवा, तसाच बनवून देतो." आणि खरंच तस्साच, फोटोतली तेल गळणारी चोचसुद्धा!

हे फक्त कारागिरांचंच आहे असं नाही हं, १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांनी इंजिनिअरिंगच्या मुलांना नमुना दाखवून डिझाईन करायला सांगितलं तर त्यांनीही त्यातल्या चुकांसकट उचललं. म्हणून मी फोटो बंद केले, नुसतं सांगितलं की खिडकीत वारा असतो, दिवा विझता कामा नये, तर काकांनी मडक्याचं तोंड तिरकं कापून पाठीला बारीक भोकं पाडली, भारी झालं होतं. पण पुढच्या वेळी परत तेच मडकं, फक्त रंग वेगळा. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, भट्टीत माल तडकला तर फटका त्यांनाच, दिवाळीच्या तोंडावर कोण रिस्क घेणार.

तर पैठणी, कोल्हापुरी चपला, सावंतवाडीची खेळणी, कशातही कारागिरांबरोबर काम करणारं कोणी आहे का इथे? ट्रायलच्या मालाचे वेगळे पैसे देता का, आणि किती? बुरूड किंवा तांबट असा दुसऱ्या कामातला माणूस सोबत बसवला तर काही सुचतं का, की नुसती भांडणं? पवईच्या आयडीसीचं (आयआयटीतलं डिझाईन स्कूल) कोणी असेल तर प्लीज सांगा, पण काकांना पटेल अशा भाषेत.